आवाजवाल्या भावसिंगचा दर

शिरड शहापूरहून औंढ्याच्या रस्त्याला लागलं की अर्ध्या कोसावर उजव्या हाताला एक तांडा आहे. भावसिंग राठोड त्या तांड्यातला. आजाच्या काळात त्याच्या घरचे बैल पाठीवर मीठ आणि धान्य वाहत मुलूखभर फिरायचे. बापानं ते सोडून मुरमाड जमीन धरली, आणि भावसिंगच्या वाट्याला अकरा एकर रान, एक बैलजोडी आणि एक गाडी आली. माझे वडील शिरडला मास्तर होते. भावसिंगला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून कागद वाचून घ्यायला तो आमच्या ओसरीवर यायचा. पुढचं बरंचसं मी वडिलांकडून ऐकलं, उरलेलं त्याच्या बायकोकडून, जिवनबाईकडून.

१९३८च्या माघात तो हिंगोलीच्या जिनिंगला कापूस घालून रिकामी गाडी घेऊन परत निघाला होता. स्टेशनाजवळ एका माणसानं त्याला थांबवलं. हे सटवाजी दिवाणजी, हट्ट्याच्या तातेरावांचे कारभारी. तातेराव मोठे जमीनदार, आणि त्यांनी त्याच वर्षी एक फिरता सिनेमा विकत घेतला होता. तंबू, इंजिन, मशीन, रिळांचे डबे, सगळं आगगाडीनं आलेलं होतं आणि शिवरात्रीच्या जत्रेसाठी औंढ्याला न्यायचं होतं.

"न्हेशील का?" दिवाणजींनी विचारलं. "जपून न्यावं लागंल. काचा हायत."

"मला औंढ्यावरनंच जायचंय. न्हेतो की," भावसिंग म्हणाला.

सामान उतरवून झाल्यावर तो खेळ बघायला थांबला. बोलपट त्यानं पहिल्यांदाच पाहिला. आवाज ऐकवत नव्हता. पडद्याच्या दोन्ही बाजूंना दोन भोंगे जमिनीवर ठेवलेले होते. पुढची माणसं कानावर हात ठेवून बसली होती आणि मागच्यांना अक्षर कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी जुंपायच्या आधी तो तंबूत गेला. मशीन सांभाळणारा म्हातारा मिस्त्री हैदराबादचा होता. त्याला भावसिंग म्हणाला, भोंगे बांबूवर चढवा, आणि तोंड खाली करून मागच्या रांगांकडं वळवा.

मिस्त्रीनं विचारलं, "तुझे कैसा मालूम?"

"मालूम काय त्यात. माझ्या मागच्या बाया सारख्या 'काय म्हनला, काय म्हनला' करून राहिल्या व्हत्या."

भोंगे चढवले. त्या दिवशी शेवटच्या रांगेतली माणसंसुद्धा हसण्याच्या जागी हसली. तातेरावांनी भावसिंगला महिना बारा रुपयांवर ठेवून घेतलं. रान भावानं बघायचं ठरलं. गाडी तेवढी त्याच्यासोबत आली.

मिस्त्री चांगला माणूस होता. त्यानं हातचं राखलं नाही. रिळाच्या कडेनं एक बारीक नक्षी जाते, तिच्यावर एका छोट्या दिव्याचा उजेड पडतो आणि त्यातून आवाज निघतो, हे त्यानं भावसिंगला दाखवलं. दिवा केसभर हलला तर बाईचा आवाज पुरुषासारखा घोगरा होतो, आणि रीळ घासलेलं असलं तर चुलीवर तेल चढवल्यासारखी चरचर येते. हे दाखवता येणारं. बाकीचं भावसिंग आपणच शिकला. रिकाम्या तंबूत घुमणारा आवाज माणसं भरली की निम्मा होतो, त्यांच्या अंगावरच्या घोंगड्या-धाबळ्या तो पिऊन टाकतात. वारा मागून असला तर भोंगा आणखी वर लागतो. रडण्याच्या जागी आवाज वाढवायचा नाही, थोडा कमी करायचा, म्हणजे माणसं पुढं सरकून ऐकतात. खेळ चालू असताना त्याचा हात बटणावरून निघत नसे. तीन वर्षांनी मिस्त्री गुडघ्यांनी बेजार होऊन हैदराबादला परत गेला, तेव्हा आवाजाचं सगळं काम भावसिंगकडे आलं. मशीन फिरवायला दुसरा माणूस आला. पण वसमतपासून सेनगावपर्यंत लोक ओळखायचे ते भावसिंगला. त्याला आवाजवाला म्हणायचे.

एक अडचण मात्र राहिली होती. यायचे ते बहुतेक बोलपट हिंदुस्थानीतले, आणि त्यांतली भारी भारी भाषा खेड्यातल्या माणसाला झेपत नसे. तातेराव म्हणाले, गोष्ट मराठीत सांगणारा कोणी बघा. भावसिंगनं ग्यानबाला आणलं.

ग्यानबा जवळा बाजारचा. बाजारच्या दिवशी गुरांच्या हर्राशीत बोली पुकारायचं काम करायचा. सडपातळ, गोरा, खांद्यावर सदा पंचा. घसा असा की बाजाराच्या दुसऱ्या टोकाला बैलाची किंमत ऐकू जावी. पण माइकवर तो तसाच ओरडला आणि तंबूतली दोन लेकरं रडायला लागली. भावसिंगनं त्याला आठ दिवस घेऊन बसून हळू बोलायला शिकवलं. "तू समोरच्याला सांग. मागच्याला मी पोचवतो," म्हणायचा.

आवाजाच्या पेटीला दोन बटणं होती, एक सिनेमाचं आणि एक माइकचं. ग्यानबा बोलायला लागला की सिनेमाचा आवाज खाली जायला हवा, पण मरायला नको. अगदी बंद केला तर पडद्यावरची माणसं मुकी होऊन जातात. तसाच ठेवला तर दोन्ही आवाज भांडतात. गाण्याची चाल खाली वाहत राहावी आणि तिच्यावर ग्यानबाचं वाक्य स्पष्ट यावं, एवढं नाजूक ते काम होतं. ग्यानबा बोलायच्या आधी पंचा सावरायचा. तो हात खांद्याकडे गेला की भावसिंगचा हात बटणावर फिरायचा. वाक्य सुरू व्हायच्या क्षणभर आधी गाणं खाली बसलेलं असायचं. लोकांना वाटायचं, ग्यानबा पडद्यातूनच बोलतोय. बाया त्याचं नाव घेऊन खेळाला यायच्या. दोघं एका ताटात जेवत. ग्यानबा तांड्यावर यायचा, जिवनबाईला भाभी म्हणायचा, आणि तांड्यातल्या पोरांना हर्राशीची नक्कल करून दाखवायचा.

१९४३ साली तातेरावांनी भावसिंगला पंधरा दिवसांसाठी दुसऱ्या एका कंपनीला दिलं. तिथला मालक साधा होता. बोलता बोलता म्हणाला, तुमच्या तातेरावांना तुझे खेळाला तीन रुपये देऊन राहिलो. भावसिंगला महिन्याला अठरा मिळत होते. त्यानं हिशेब करायला बोटंही वापरली नाहीत. हट्ट्याला जाऊन उभ्या उभ्याच म्हणाला, "मालक, आता महिन्यानं न्हाई जमायचं. जो बोलवील त्याच्याकडं जाईन. तुमी बोलावलं तर तुमच्याकडं बी येईन. खेळावर पैसे."

तातेराव रागावले नाहीत. पान लावत म्हणाले, "गाडीवान होतास भावसिंग. इसरू नको."

"व्हय मालक. गाडीवान बी खेपेचेच पैसे घेतो."

असं तो स्वतंत्र झाला. कामं येत होती, पण दर काय सांगावा हे कळेना. पहिल्या मालकाला त्यानं खेळाला एक रुपया सांगितला, कारण जास्त मागायची लाज वाटली. आठ खेळ करून आठ रुपये घेऊन घरी आला. जिवनबाई शेंगा निवडत होती. घरातलं बोलणं गोरमाटीत, तांड्याच्या बोलीत, व्हायचं, मी आपलं मराठीत सांगतो. ती म्हणाली, "खेळ आठ झाले, पण तुमी घरून गेल्याला चौदा दिवस झाले. वाटेचे कोन देतं? तंबू उभा करायच्या दिवसाचे कोन देतं? इकडं तुमच्या जागी रानात गडी लावला, त्याला म्या दिले."

पुढच्या मालकाकडे त्यानं एकदम चार रुपये मागितले. त्या बिचाऱ्याचा तंबू ठिगळांचा होता, राकेल लढाईमुळं मिळत नव्हतं, आणि तरी तो कबूल झाला, कारण दुसरा आवाजवाला नव्हता. शेवटच्या दिवशी पैसे देताना त्याचं तोंड बघून भावसिंगला जेवण गेलं नाही. दोन रुपये त्यानं परत केले.

मग तो आणि ग्यानबा आमच्या ओसरीवर येऊन बसले. ग्यानबानंही तातेरावांचा महिना सोडला होता. दोघांनी सकाळ घालवून दर ठरवला. खेळाला दोन रुपये भावसिंगचे, दोन ग्यानबाचे. जाण्यायेण्याच्या आणि तंबू उभारायच्या दिवसाला एक-एक रुपया. आवाज भावसिंगच्या चुकीनं बंद पडला तर त्या खेळाचे पैसे नाहीत. इंजिन बंद पडलं तर ते मालकाचं, पैसे पुरे. मोठा मालक असो की ठिगळाच्या तंबूचा, दर तोच. वडिलांनी हे एका पुठ्ठ्यावर लिहून दिलं. ग्यानबानं शेवटी एक ओळ घालायला लावली: दोघं मिळूनच येऊ, एकटा कोणी येणार नाही.

"हे काहून?" भावसिंगनं विचारलं.

"मालक लोक एकाला फोडत्येत. म्या हर्राशीत बघितलंय," ग्यानबा म्हणाला. "दोन गिऱ्हाइकांतलं एक फोडून गप केलं की बैल मातीमोल जातो."

तीन वर्षं बराबर चाललं. त्या काळात ग्यानबा एकदा म्हणाला, तू आजारी पडलास तर खेळ बुडायला नको, मला बी जरा शिकव. भावसिंगनं शिकवलं. बटणांच्या खालच्या पत्र्यावर कानशीनं खुणा करून दिल्या, गाण्याला कुठवर, बोलण्याला कुठवर, तंबू भरला तर कुठवर. ग्यानबाला ते पटकन जमलं. भावसिंगला आनंदच वाटला.

१९४६च्या शिवरात्रीआधी तातेरावांनी औंढ्याला येणाऱ्या बाकीच्या दोन कंपन्यांच्या मालकांना हट्ट्याला जेवायला बोलावलं. तिथं ठरलं की या दोघांना दीड-दीड रुपयावर आणायचं, आणि येत नसतील तर कोणीच बोलवायचं नाही. हे कानावर आल्यावर भावसिंग आणि ग्यानबा जवळ्याच्या बाजारात भेटले.

"बसू घरी," भावसिंग म्हणाला. "जत्रेचे चार दिस आवाजाविना काढू दे त्यांना. आपसूक बोलावत्याल."

"बसू," ग्यानबा म्हणाला. "माझ्याकडून काळजी करू नको."

जत्रेला आठ दिवस असताना दिवाणजी घोड्यावरून तांड्यावर आले. बाजेवर बसले, पाणी प्याले, आणि म्हणाले, "मालकांचा निरोप हाय. तुझा दर पुरा देतो, दोन रुपये. पन एकटा ये. गोष्ट सांगणारे छप्पन मिळत्यात."

"आमचं दोघांचं ठरलंय, दिवाणजी."

"त्याला काय कळतंय? आन कळलं तरी तो काय करतो?"

"त्याला न्हाई कळलं तरी मला कळंल की," भावसिंग म्हणाला.

दिवाणजी गेल्यावर जिवनबाई म्हणाली, "ग्यानबाभाऊंना सांगून या. असं असं मानूस आलतं म्हणून."

"काहून सांगायचं? त्याला वाटंल, मी उपकार दाखवून राहिलो."

चार दिवसांनी दिवाणजी परत आले. या वेळी अडीच रुपये. भावसिंगनं पुन्हा नाही म्हटलं, आणि पुन्हा ग्यानबाला कळवलं नाही.

शिवरात्रीला तो जिवनबाईला घेऊन नागनाथाच्या दर्शनाला औंढ्याला गेला. दिवस मावळतीला टेकला होता. दर्शन करून दोघं जत्रेत उतरली. बांगड्यांच्या दुकानाशी जिवनबाई थांबली, आणि भावसिंगच्या कानावर तातेरावांच्या तंबूतला आवाज आला. गाणं चाललं होतं. आवाज चांगला होता. भोंगे बरोबर उंचीवर होते, वारा पूर्वेचा होता आणि भोंग्यांची तोंडं त्याप्रमाणे वळवलेली होती. जिवनबाई सांगायची, तो आधी खूश झाला. म्हणाला, "कोन मानूस आनलाय बघ, त्याला काम येतं."

मग गाणं हळूच खाली बसलं. बंद झालं नाही, वाहत राहिलं, आणि त्याच्यावर ग्यानबाचा आवाज आला. ही बाई आता नवऱ्याची वाट बघून थकली, असं काहीतरी तो सांगत होता.

भावसिंग जागच्या जागी उभा राहिला. दुसरं वाक्य आलं, तिसरं आलं. दर वेळी ग्यानबानं तोंड उघडायच्या आधी गाणं खाली जात होतं, नेमकं तेवढंच. ग्यानबा कधी बोलणार हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. त्यातला एक इथं बांगड्यांच्या दुकानापुढं उभा होता. म्हणजे माइकही ग्यानबाकडे होता आणि बटणंही ग्यानबाच्याच हातात होती.

"ग्यानबाभाऊ हायत," जिवनबाई म्हणाली.

"व्हय."

"दुसरं कोन हाय संगं?"

"कोन न्हाई. मीच हाय," भावसिंग म्हणाला. खुणा त्याच्याच होत्या, पण ते वाक्य जिवनबाईला तेव्हा समजलं नव्हतं.

एकच मशीन असल्यामुळे दर रिळाला खेळ थांबायचा. थांबला तसा ग्यानबा तंबूच्या बाजूनं पाणी प्यायला बाहेर आला, आणि या दोघांना बघून त्याचा हात रांजणावर तसाच राहिला.

"दर किती?" भावसिंगनं विचारलं.

ग्यानबानं रांजणावर झाकण ठेवलं.

"दोन मान्सांचं काम करून राहिला. दर किती घेतला?"

"तीन," ग्यानबा म्हणाला. "दोघांचे मिळून तीन." मग घाईघाईनं म्हणाला, "तातेराव म्हनले, भावसिंगनं एकट्यानं यायचं कबूल केलंय. अडीच रुपयावर. सोमवारी येनार म्हनले. मंग म्या काय करायचं? माझ्यामागं काय रान हाय का जमीन हाय? हर्राशीचं काम म्या तुझ्यापायी सोडलं."

"दिवाणजी दोनदा आले व्हते माझ्याकडं," भावसिंग म्हणाला. "दोन्ही खेपेला म्या त्यांना वाटेला लावलं. हिला इचार."

 ग्यानबानं तिच्याकडे बघितलं आणि त्याला उत्तर मिळालं.

"मला न्हाई सांगितलंस तू," तो म्हणाला.

"न्हाई सांगितलं. चुकलं माझं. तू तरी इचारायचं. जवळ्याहून तांडा चार कोस हाय, ग्यानबा. दर महिन्याला चालत आलास. याच खेपेला पाय दुखले?"

तंबूतून मशीनवाल्यानं हाक मारली. ग्यानबा हलला नाही. पंच्यानं तोंड पुसलं आणि खाली बघत म्हणाला, "खरं सांगू? ते खोटं बोलून राहिले हे मला कळलं व्हतं. तू तसा मानूस न्हाईस हे मला ठावं हाय. पर म्या म्हनलं, मालक सांगतो तर आसंल. मानून घेतलं. इचारायला आलो असतो, तर खरं कळलं असतं आन मालकाला न्हाई म्हनावं लागलं असतं."

हे ऐकल्यावर भावसिंगला राग आला असेल असं आपल्याला वाटतं. तो वडिलांना म्हणाला होता की राग आलाच नाही. ग्यानबा फसला असता तर त्याला माफ करता आलं असतं. तो फसला नव्हता.

तातेराव तिकिटाच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसले होते. भावसिंग त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. "मालक, मी एकटा येतो असं तुमाला कवा सांगितलं?"

"धंद्यात बोलावं लागतं असं," तातेराव म्हणाले. "मनाला लावून घेऊ नको. तू आलास, बरं झालं. उद्यापासून बस. ग्यानबाला काढतो."

ग्यानबा हे ऐकण्याइतक्या अंतरावर होता.

"न्हाई मालक," भावसिंग म्हणाला, आणि जिवनबाईला घेऊन निघाला.  घरी पोचल्यावर बैलाला वैरण टाकताना एवढंच म्हणाला की तुझं ऐकून एक निरोप धाडला असता तर त्याला ते खोटं खरं मानायला जागा राहिली नसती.  जिवनबाईनं आधी सांगितलेलं होतं, ते परत सांगण्यात काय होतं.

त्या वर्षी दर मोडला. तीन रुपयांत दोघांचं काम होतं म्हटल्यावर कोण चार देणार. बाकीच्या दोन कंपन्यांनी आपलीच माणसं औंढ्याला ग्यानबाशेजारी बसवून खुणा बघून घेतल्या. दिवाळीपर्यंत ग्यानबालाच दोन रुपये मिळायला लागले, मग दीड. भावसिंगनं दर खाली आणला नाही, म्हणून त्याला बोलावणं आलं नाही. त्यानं रान कसलं. खरिपाच्या दिवसांत एकदा तो शिरडला आला होता, तेव्हा बाजारात एका हॉटेलात फोनोग्राफ लावलेला होता. भावसिंग चहा न पिताच उठला. वडिलांनी विचारलं तर म्हणाला, "मास्तर, कान तिकडंच जात्येत. बटणावर हात न्हाई आन कान जात्येत."

वडील त्याला म्हणाले होते, दुसरा एखादा गोष्ट सांगणारा शोध, नव्यानं शिकव. तो म्हणाला, शिकवायचीच भीती वाटते आता.

पुढच्या वर्षी मुलखाचंच गणित बिघडलं. रझाकारांच्या धामधुमीत जत्रा बसल्या, तंबू गुंडाळले गेले, रस्ते ओस पडले. तांड्यातली बरीच घरं पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेली. भावसिंग जिवनबाईच्या माहेरी पुसदकडे दहा महिने राहिला. तिथं लग्नाकार्यात भोंगे लावायचं काम त्यानं केलं, एकट्यानं. ग्यानबा जवळ्यालाच राहिला होता. त्याचं काय झालं असेल, असं भावसिंगनं दहा महिन्यांत कोणाला विचारलं नाही. मात्र जवळ्याकडचं कोणी भेटलं की तो त्या माणसाजवळ उगीच जरा वेळ बसून राहायचा, एवढं जिवनबाईनं बघितलं होतं.

१९४८च्या सप्टेंबरात फौजा आल्या आणि निजामाचं राज्य गेलं. दिवाळीला भावसिंग तांड्यावर परतला. घराचं छप्पर उडालं होतं, पण रान जागेवर होतं. डिसेंबरात हिंगोलीला मोठी सभा ठरली. नव्या सरकारचे अधिकारी गाव सोडून गेलेल्यांना परत यायला काय सवलती आहेत ते सांगणार होते. भोंगे आणि पेटी लॉरीतून आली होती, पण ती नीट लावणारा माणूस नव्हता. कोणीतरी आवाजवाल्या भावसिंगचं नाव सांगितलं. अधिकाऱ्यानं विचारलं, काय घेणार. भावसिंगनं जुनाच दर सांगितला, दोन रुपये आणि जाण्यायेण्याच्या दिवसाचा एक-एक. अधिकाऱ्यानं काही न बोलता ते कागदावर लिहून घेतलं. दर सांगितल्यावर समोरचा गप्प बसतो, हे भावसिंगला इतकं नवीन होतं की आपण कमी तर नाही ना सांगितलं, असा त्याला संशय आला.

सभेच्या सकाळी तो भोंगे बांधत होता आणि मंचावर पुकारा करायला जो माणूस आणला होता तो ग्यानबा निघाला. वाळला होता. पंचा तोच होता किंवा तसाच दुसरा. दोघांनी एकमेकांना बघितलं. ग्यानबा माइकपुढे उभा राहिला.

पेटीजवळ बसलेल्या भावसिंगला वाटलं तर तो त्याचा आवाज फाडू शकला असता, नाहीतर पार बुडवू शकला असता. दहा हजार माणसांपुढं. जिवनबाईपाशी त्यानं कबूल केलं होतं की तसं मनात आलं होतं. पण ग्यानबाचा हात खांद्याकडे गेला आणि भावसिंगचा हात बटणावर फिरला. दिवसभर आवाज मैदानाच्या टोकापर्यंत स्वच्छ गेला. ग्यानबाला घसा ताणावा लागला नाही.

सभा संपल्यावर ग्यानबा खाली आला. "तंबूत व्हतं तसंच झालं," तो म्हणाला.

"तुझा आवाज चांगला आला," भावसिंग म्हणाला.

"तातेराव शिवरात्रीला तंबू लावून राहिले परत. मला इचारलं. म्या म्हनलं, आवाजाला भावसिंग असंल तर येतो. दर तू म्हनशील तो. मागच्यासारखं दोघं मिळून."

भावसिंगनं भोंग्याची तार सोडवायला घेतली होती. ती सोडवत तो म्हणाला, "तातेरावांनी मला बोलावलं तर मी माझा दर सांगीन. तुला बोलावलं तर तू तुझा सांग. एका तंबूत बसू. काम बराबर करीन, आज केलं तसं. पर माझा दर तू सांगायचा न्हाई, आन तुझा मी इचारनार न्हाई."

"भावसिंग, तीन वर्सं होत आली त्याला."

"व्हय. तीन वर्सं."

 ग्यानबानं वाकून तारेचं दुसरं टोक उचललं आणि गुंडाळायला लागला. भावसिंगनं त्याला अडवलं नाही. गुंडाळून झाल्यावर ग्यानबा राम राम म्हणून जवळ्याच्या गाडीकडे गेला. तो दिसेनासा झाल्यावर भावसिंगनं ते वेटोळं सोडलं आणि सगळी तार पहिल्यापासून आपल्या हातानं पुन्हा गुंडाळली.